धुराड्यातला डावा बूट

आमच्या कारखान्यात नव्याला जुनं करणारं एक खातं आहे आणि मी त्याचा प्रमुख आहे. कुणी नोकरीबद्दल विचारलं तर मी नुसतं ‘थीमिंग’ म्हणतो, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका शेडमध्ये आम्ही काचतंतू घातलेल्या सिमेंटच्या भिंती ओततो. त्या वाळल्या की माझी माणसं ब्रश, स्पंज आणि पातळ रंग घेऊन त्यांच्यावर वर्षं चढवतात. पावसाचे ओघळ, गंज, शेवाळ, हात लागून लागून गुळगुळीत झालेले कोपरे. सकाळी करडी, कोरी असलेली भिंत संध्याकाळपर्यंत म्हातारी होते. हे काम मला चांगलं येतं. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

एका रिसॉर्टला आपल्या आवारात इंग्लंडमधलं खेडं हवं होतं. एक वळणाची गल्ली, तळं, चर्चसारखा दिसणारा हॉल आणि घरांच्या आत कॅफे. बिस्किटांच्या डब्यावर असतं तसं काहीतरी आम्ही सहज करून दिलं असतं. पण रिसॉर्टवाल्यांनी सल्ल्यासाठी एक म्हातारे इंग्रज गृहस्थ शोधून काढले. हे गृहस्थ तरुणपणी बंदराच्या कामासाठी आखातात आले आणि इथेच राहिले. बायको वारल्यापासून ते उम्म अल कुवैनला खाडीकाठच्या एका बैठ्या घरात एकटे राहत. ते म्हणाले, खेडं करायचं तर खरं करा, माझं करा. आणि त्यांनी आपल्या गावाचे फोटो आणले.

दर आठवड्याला ते कारखान्यात यायचे. माझ्या टेबलासमोर बसून काळा चहा घ्यायचे आणि गाव सांगायचे. त्या भागात दगड नाही. म्हणून शेतात नांगराला लागणाऱ्या गारगोट्या वेचून लोकांनी भिंती बांधल्या. प्रत्येक पिढीने थोड्या वेचल्या, थोडी भिंत वाढवली. चर्च मात्र गावाच्या मानाने अवाढव्य. कधीकाळी लोकरीच्या व्यापारात पैसा आला तेव्हा ते बांधलं. मग साथ आली, पुढे व्यापारही दुसरीकडे गेला, गाव आक्रसत गेलं आणि चर्च तेवढंच राहिलं. सगळं गाव आत बसलं तरी ते रिकामं वाटायचं. मेंढपाळ मेला तर त्याच्या मुठीत लोकरीचा पुंजका देऊन पुरायचे, म्हणजे वर गेल्यावर रविवारी प्रार्थनेला का येत नव्हतास हे त्याला सांगावं लागणार नाही. वसंतात सगळं गाव शिवेवरून चालत जायचं आणि शिवेच्या दगडापाशी आलं की लहान पोरांना उलटं धरून त्यांचं डोकं दगडाला टेकवायचं. कागदपत्रं जळाली तरी शीव कुठे आहे ते कुणाच्या तरी डोक्यात राहावं म्हणून. हे सांगताना ते आपल्या टकलावरून हात फिरवायचे. त्यांच्यानंतर कुणाचं डोकं टेकवलं गेलं नाही. टेकवायला पोरंच उरली नव्हती.

आता तिथे शाळा नाही, दुकान नाही, लोहाराची भट्टी नाही. घरं विकली गेली आहेत, शहरातले लोक सुट्टीला येतात. हिवाळ्यात संध्याकाळी बहुतेक खिडक्या काळ्याच असतात, असं ते म्हणायचे.

आणि इकडे, साइटवर नेऊन बसवण्याआधी, आमच्या शेडमध्ये ते गाव उभं राहत होतं. माझी बायको रोज विचारायची, “काय सरपंच, आज गावात काय विशेष?” मी तिला सांगायचो, आज तळ्याची कड ओतली, आज लोहाराच्या दाराला गंज लावला. गंमतच होती सगळी. पण दुपारी जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाली की मी त्या गल्लीतून एकटा चालायचो आणि दारांकडे बघायचं टाळायचो. दारांमागे काहीच नव्हतं, लोखंडी सांगाडा आणि पलीकडे पार्किंग. तरी वाटायचं, आत कुणीतरी आपल्या जाण्याची वाट बघत थांबलं आहे.

बुटाची गोष्ट एका पाण्याच्या टँकरमुळे निघाली. आमच्या गेटवर उभ्या असलेल्या टँकरच्या मागे ड्रायव्हरने एक झिजलेला छोटा बूट लटकवला होता. म्हाताऱ्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, नजर लागू नये म्हणून. आमच्याकडे नव्या बांधकामावरही जुनी चप्पल टांगतात. आमचं घर बांधलं तेव्हा माझ्या वडिलांनी स्वतःची टांगली होती. म्हातारे चहा तसाच ठेवून गेले. पुढच्या खेपेला त्यांनी भांडी पुसायच्या एका जुन्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि माझ्यासमोर उघडलं.

लहान मुलाचा बूट होता. चामडं सुकून लाकडासारखं झालेलं, टाचेला खिळे, आतबाहेर काजळी. त्या काळी डावा आणि उजवा वेगळा शिवत नसत, ते म्हणाले, पण ज्या पोराने तो घातला त्याने घालून घालून तो डाव्या पायाचा केला होता. अंगठ्याची जागा अजून फुगलेली दिसत होती.

त्यांच्या गावात घर बांधताना गवंडी धुराड्याच्या आतल्या कट्ट्यावर असा एक वापरलेला बूट ठेवत असे. गुपचूप, कुणाशी न बोलता. घरात वाईट काही शिरलं तर धुराड्यातून शिरतं, आणि त्याला बूट दिसला की ते त्यातच अडकून बसतं, अशी समजूत. त्यांच्या वडिलांनी शेगडी बदलताना हा बूट काढला. त्याच हिवाळ्यात त्यांची धाकटी बहीण गेली. त्यांची आई एकदाच बोलली, “तो परत ठेवा.” पण तोवर धुराडं विटांनी बंद झालं होतं. आईने तो न धुता, न पुसता जपला. मग तो यांच्याकडे आला. यांनी तो जिथे जिथे राहिले तिथे तिथे नेला, पण ती सगळी घरं भाड्याची. जुन्या घराच्या नव्या मालकांना त्यांनी विचारून पाहिलं होतं. त्यांनी फार नम्रपणे कळवलं की बूट एखाद्या संग्रहालयाला द्यावा.

आता त्यांचा मुलगा त्यांना न्यायला येणार होता. इंग्लंडमध्येच, पण गावात नाही. एका मोठ्या शहरातल्या वृद्धांच्या इमारतीत.

“मला तिथे तो न्यायचा नाही,” ते म्हणाले. “मी मेलो की ते खोली रिकामी करतील आणि हा पिशवीत जाईल. तुम्ही आमच्या घराचं धुराडं करताय. बंद करायच्या आधी आत ठेवाल?”

मी हो म्हटलं. त्यांनी मला नीट समजावलं. कापड उघडायचं नाही, बघायचं नाही, बोलायचं नाही. ठेवायचा आणि बंद करायचं.

आता आमच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यामुळे झालं. शेडमध्ये सँपलचं एक टेबल आहे. त्याच्यावर जी वस्तू येईल तिचा रबराचा साचा घ्यायचा, रेझिनची एक प्रत ओतायची, रंगवायची आणि मूळ वस्तूच्या जागी मंजुरीसाठी ठेवायची. मूळ वस्तू रॅकवर जाते. विचारायचं नाही, थांबायचं नाही. ही पद्धत मीच लावली, कारण विचारण्यात फार वेळ जायचा.

मी ते गाठोडं हातात घेऊन शेडमधून चाललो होतो. साइटवरून फोन आला, रिसॉर्टचे लोक पाहणीला आलेत, लगेच या. मी गाठोडं जवळच्या टेबलावर ठेवलं आणि धावलो. ते कुठलं टेबल आहे हे मला बघायलाही सुचलं नाही.

दोन दिवसांनी परत आलो तर गाठोडं तिथेच, त्याच कापडात. मी ते उचललं. जरा जड वाटलं. मनाशी म्हटलं, इतक्या वर्षांचं वजन आहे. साइटवर गेलो, शिडीवर चढलो, कुणाशी न बोलता धुराड्यातल्या कट्ट्यावर ते ठेवलं आणि कारागिराला खूण केली. त्याने वरचा तुकडा बसवून सांधे भरले. मी म्हाताऱ्यांना मेसेज केला, ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते आले. घराच्या आत, शेगडीच्या वर, भिंतीला तळहात लावून उभे राहिले. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि एसी अजून सुरू झाले नव्हते. “गरम आहे,” ते म्हणाले. “हिवाळ्यात अशीच असायची.” मग खिशातून रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं. मला फार समाधान वाटलं होतं, हेही इथे लिहायला हवं.

काम सुपूर्द झाल्यावर मी रॅक आवरायला घेतला, आणि दाराच्या कड्या, नळाच्या तोट्या यांच्यामध्ये तो दिसला. पहिल्यांदा मला वाटलं प्रत आहे. उचलला तर हलका, पिसासारखा. चामडं होतं.

साचे घेणारा फोरमन केरळचा, माझ्याबरोबर बरीच वर्षं आहे. मी त्याला बोलावलं. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सावकाश म्हणाला, “सर, टेबल पे था. टेबल पे मतलब मोल्ड.” त्याने फार मन लावून प्रत केली होती, खिळ्यांसकट, अंगठ्याच्या फुगवट्यासकट. ती त्याच कापडात गुंडाळून मंजुरीसाठी ठेवली होती. माझ्याकडून काही निरोप आला नाही तेव्हा साहेबांना आवडली असेल असं त्याला वाटलं होतं.

मी बुटाच्या आत बोट घातलं. बोट स्वच्छ बाहेर आलं. काजळी गेली होती. ती साच्याच्या रबराला लागली होती, आणि साच्यात जे काही लागलेलं असतं ते पहिल्या ओतण्याला चिकटून निघतं. म्हणजे ती आता धुराड्यात होती, रेझिनच्या बुटाच्या अंगावर.

घरी मी जेवलो नाही. बायकोने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. तिने माझं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, “अहो, म्हातारा माणूस आहे. चार दिवसांत जाणार. सुखाने जाऊ द्या ना त्याला. तुम्हाला सांगून मोकळं व्हायचंय, पण ऐकायचं त्याला आहे.” तिचं बरोबर होतं. मी बोललो नाही तर त्यांच्या मनात बूट भिंतीत राहणार होता, बोललो तर माझ्या मनावरचं ओझं त्यांच्या मनावर जाणार होतं. मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, “बट इट्स हिज, बाबा. यू कान्ट जस्ट कीप इट.” बायको तिला म्हणाली, तू गप्प बस. पण ते वाक्य घरात राहिलं. बूट स्वयंपाकघराच्या वरच्या कपाटात ठेवला होता. पाणी प्यायला गेलो की मला कपाटाचं दार थोडं उघडं दिसायचं. ते नेहमीच थोडं उघडं राहतं, त्याची बिजागरी ढिली आहे.

मी शुक्रवारी उम्म अल कुवैनला गेलो. त्यांच्या दिवाणखान्यात खोकी बांधून ठेवलेली होती आणि भिंतींवर फक्त चित्रांच्या जागा उरल्या होत्या. मी बूट टेबलावर ठेवला आणि जसं घडलं तसं सांगितलं. टेबलाची पद्धत माझी होती, हेही सांगितलं.

त्यांनी बूट हातात घेतला नाही. आधी नुसता बघितला. मग एक बोट आत घातलं, जसं मी घातलं होतं, आणि बोटाकडे बघत राहिले.

“तुम्ही तो साफ केलात.”

मी घाईघाईने काजळीचं सांगितलं. गावची काजळी आत गेली आहे, म्हटलं, तुमच्या घरातली खरी काजळी धुराड्यात आहे, एका अर्थाने तो गेलाच आहे. हे मी गाडीत पाठ करून आलो होतो.

“तुम्ही चांगले आहात,” ते म्हणाले, “पण असं काही बोलू नका.”

बाहेर खाडीला ओहोटी लागली होती. त्यांनी मला चहा विचारला, मी हो म्हटलं, आणि ते उठलेच नाहीत. त्यांनी विचारलं की ते धुराडं परत उघडता येईल का. मी म्हटलं, आता ते रिसॉर्टचं आहे. कारणाशिवाय आम्हाला हात लावता येत नाही. काही तडा गेला, काही बिघडलं, तर वर्षभर दुरुस्ती आमच्याकडे असते. त्यांनी मान हलवली. जाताना मी बूट तिथेच ठेवून निघालो तर त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

“मी तो परत उचलणार नाही,” ते म्हणाले. “माझा तो ठेवून झाला आहे.”

पुढच्या आठवड्यात ते मुलाबरोबर इंग्लंडला गेले.

त्यानंतर मी जे केलं त्याची लाज वाटते, कारण त्यात शहाणपण काही नव्हतं. मी तडा जाण्याची वाट बघू लागलो. सुट्टीच्या दिवशी बायको-मुलीला घेऊन त्या खेड्यात जायचो. लोक तळ्याकाठी फोटो काढत असायचे, म्हाताऱ्यांच्या घरातल्या कॅफेत विजेवरची शेगडी नारिंगी दिसायची आणि तिच्यासमोर कुणाची तरी लहान पोरं जमिनीवर खेळत असायची. मी कॉफी घेऊन भिंतीकडे बघत बसायचो. तिथे ज्याला अडवायला बूट ठेवतात ते काय असतं, मला माहीत नाही. पण ते आत शिरलं असेल तर त्याला एक रिकामी प्रत मिळाली आहे, आणि हे फक्त मला ठाऊक आहे, असं वाटून मी त्या पोरांना शेगडीपासून दूर बोलवावं असं दोनदा मनात आलं. मुलगी म्हणाली, “बाबा, यू आर स्टेअरिंग.”

पुण्याच्या आमच्या नव्या फ्लॅटचाही विचार करून झाला. गेल्या सुट्टीत ताबा घ्यायला गेलो तेव्हा सगळ्या भिंती हाताने ठोकून बघितल्या. भरीव काँक्रीट, एकसंध ओतलेलं. कट्टा नाही, कोनाडा नाही. सोबतचा बिल्डरचा माणूस मला विचारत होता, साहेब, काय शोधताय? जुनं घर विकून हा फ्लॅट घेतला. त्या घराच्या कुठल्या कोपऱ्यावर वडिलांनी चप्पल टांगली होती ते मला आता आठवत नाही, आणि ते सांगणारं कुणी राहिलेलं नाही.

उन्हाळा सरता सरता रिसॉर्टची तक्रार आली. धुराड्याच्या वरच्या सांध्याला केसाएवढी रेघ. ऑफिसात सगळे वैतागले.  मी इतका काळ मागत होतो, आणि आता वाटलं की ती रेघ मीच बघून बघून पाडली.

दुरुस्तीला मी स्वतः गेलो. फोरमन म्हणाला, सर, आप क्यों, लडके हैं ना. मग माझ्या हातातलं फडक्यातलं गाठोडं बघून त्याने शिडी धरली. कापड मी घरून घेतलं होतं, आमचंच, हळदीचे डाग असलेलं. त्यांचं कापड आत होतं.

वरचा तुकडा सैल केला आणि हात आत घातला. आत बाहेरच्यापेक्षा गार होतं. दुपारच्या उन्हात, पोकळ सिमेंटच्या आत, ते गार का असावं याचं कारण मला आजही सापडलेलं नाही. बोटांना गाठोडं लागलं. मी ते बाहेर काढणार होतो, तसंच ठरवलं होतं, प्रत काढायची आणि मूळ ठेवायचा. पण हात लागला आणि मी थांबलो. तिच्या अंगावर ती काजळी होती. त्यांच्या आईने कधीही न पुसलेली. ती बाहेर काढून मी कुठे ठेवणार होतो? रॅकवर?

मी दुसरं गाठोडं तिच्या शेजारी सरकवलं. दोन्ही बूट आत राहिले. दोन्ही डाव्या पायाचे. मग तुकडा बसवला, सांधा भरला, रंगाने त्याच्यावर वर्षं चढवली. खाली उतरेपर्यंत मी बोललो नाही.

म्हाताऱ्यांच्या नंबरवर मी संध्याकाळी मेसेज पाठवला की बूट ठेवला आहे, यावेळी खरा. बरेच दिवस उत्तर आलं नाही. मग त्यांच्या मुलाचं आलं. वडील आता बहुतेक वेळ झोपून असतात, माणसं ओळखतातच असं नाही. तुमचा मेसेज मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारलं, कोणत्या घरात? हे कशाबद्दल आहे मला माहीत नाही. त्यांना काय सांगू?

मी फोन हातात धरून बसलो. रिसॉर्टच्या कॅफेचं नाव लिहिलं, पुसलं. ती खोटी भिंत आहे हे लिहिलं, तेही पुसलं. ही असली गावं इथे किती टिकतात ते मला माहीत आहे. कंटाळा आला की पाडतात आणि दुसरं काहीतरी उभारतात. एक दिवस कुणीतरी ते धुराडं फोडेल, त्याला दोन डावे बूट सापडतील, आणि तो ते कुठल्या तरी टेबलावर ठेवेल.

बायको शेजारी येऊन बसली. तिने मुलाचा मेसेज वाचला.

“लिहा ना,” ती म्हणाली. “त्यांच्याच घरात.”

मी तेच लिहिलं. तिकडून उत्तर आलं, सांगितलं, झोपले. मी स्वयंपाकघरात गेलो. वरच्या कपाटाचं दार थोडं उघडं होतं. आत आता काही नाही, हे माहीत असूनही मी ते दाबून बंद केलं आणि सोडलं. ते पुन्हा तेवढंच उघडलं.